शेतरस्त्यांवरचं पंक्चर किट: कुठलं घ्यावं, कुठलं टाळावं

ठिबकच्या सर्व्हिसिंगचं काम असल्यानं माझी मोटरसायकल डांबरीपेक्षा शेतरस्त्यांवरच जास्त पळते. अमळनेर, पारोळा, तापी ओलांडून चोपडा, शिरपूर. बांधाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि नाल्याकाठी वेडी बाभूळ माजलेली. हायवेवर पंक्चरवाला सापडतो, पण गावापासून चार-पाच किलोमीटर आत मळ्यात मागचं चाक बसलं तर ढकलण्याशिवाय इलाज नसतो, आणि मे महिन्यात पारा 44-45 वर असताना ते ढकलणं जिवावर येतं. म्हणून गेल्या पावसाळ्यात किट घेतलं. हिवाळा, उन्हाळा पार पडला, आता त्याबद्दल खात्रीनं लिहू शकतो.

हे सगळं ट्यूबलेस टायरपुरतं. स्पोकच्या चाकात ट्यूब असेल तर स्ट्रिपचा, म्हणजे भोकात भरायच्या चिकट रबरी पट्टीचा, काही उपयोग नाही. तिथे टायर लिव्हर, चाक खोलायचे पाने आणि एक जादा ट्यूब जवळ हवी.

किट घेताना सगळ्यात आधी मूठ बघा. दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या बऱ्याच किटमध्ये स्क्रू ड्रायव्हरसारखी प्लास्टिकची सरळ मूठ असते. मागच्या टायरचं रबर जाड, त्यात काट्याचं भोक अगदी बारीक. तिथे भोक घासून मोठं करायचं दाभण घुसवायला अंगाचा सगळा जोर लावावा लागतो, आणि सरळ मूठ घामानं हातातून निसटते. इंग्रजी टी अक्षरासारखी आडवी, धातूची मूठ असेल तर तळहाताचा दाब नीट बसतो. थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्या.

काट्याचं पंक्चर खिळ्यापेक्षा वेगळं असतं. खिळा पाडतो तेवढं भोक काटा पाडत नाही. पुष्कळदा काटा आत मोडतो, वर नुसता काळा ठिपका दिसतो आणि हवा रात्रभरात हळूहळू उतरते. अशा वेळी गाव जवळ असेल तर काटा उपसू नका, कारण तोच बुचाचं काम करत असतो. हवा मारून गाव गाठा. उपसायचाच झाला तर पकडीनं, तो ज्या तिरक्या दिशेनं शिरलाय त्याच दिशेनं ओढा. मग दाभणाला चिकटवायचं सोल्यूशन लावून त्याच तिरकसपणानं आत-बाहेर करा, भोक स्ट्रिपपुरतं मोठं होईपर्यंत. हे करताना मन धजत नाही, चांगल्या टायरला आपणच मोठं भोक पाडतोय असं वाटतं. पण नीट घासलं नाही तर स्ट्रिप आत जातच नाही. किटमधल्या दुसऱ्या हत्याराच्या, सुईच्या, नाकात स्ट्रिप मधोमध ओवायची, दोन्ही टोकं बोटभर बाहेर राहतील इतकी दाबायची आणि सुई न पिळता एका झटक्यात सरळ ओढायची. उरलेलं टोक टायरला अगदी घासून कापू नका, थोडं राहू द्या. थुंकी लावून बुडबुडा येतो का बघा. हे सगळं टायरच्या मधल्या पट्ट्यापुरतं. बाजूची भिंत फाटली असेल तर स्ट्रिप भरून गाडी पळवणं धोक्याचं आहे.

स्ट्रिप ठीक, पण हवा कशानं मारणार? खरी निवड इथेच आहे. गॅसच्या 16 ग्रॅमच्या नळ्या दिसायला छान, पण मोटरसायकलच्या मागच्या चाकाला एक पुरत नाही, दोन-तीन लागतात, आणि वापरली की संपली. बॅटरीला चिमटे लावून चालणारा छोटा कॉम्प्रेसर मी काही महिने वापरला. काम चोख करतो, मात्र गाडीची बॅटरी लहान असल्यानं इंजिन चालू ठेवूनच लावावा. चार्जिंगचा पंप सोयीचा, फक्त तो उन्हात डिकीत पडून राहिला की त्याच्या बॅटरीचं आयुष्य घटतं. शेवटी मी पायानं मारायच्या साध्या पंपावर स्थिरावलो. घाम निघतो, पण तो कधी दगा देत नाही. एकदा पारोळ्याकडच्या मळ्यात पंप मारत होतो, तर शेजारच्या वावरातल्या आजोबांनी ‘काय व्हयनं भाऊ?’ विचारत बैलगाडी थांबवली, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांच्या नातवानं माझ्याकडून किटची चौकशी केली.

आपल्याकडचा उन्हाळा किटलाही लागतो. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत सुकते, आणि नेमकी गरजेच्या वेळी कोरडी निघते. म्हणून मी छोट्या ट्यूब घेतो आणि होळीच्या आसपास नवी ठेवतो. स्ट्रिप ओढून बघा. चिकटपणा जाऊन ती तुटायला लागली असेल तर फेकून द्या. फवारून टायर भरणारे डबे तर उन्हाळ्यात गाडीत ठेवूच नका. अशा दाबाच्या डब्यांवर 50 अंशांच्या वर नेऊ नये असं छापलेलं असतं, आणि आपल्या दुपारी बंद डिकीत तेवढं तापणं सहज होतं.

स्ट्रिप भरल्यावर त्या दिवशी गाडी सावकाश चालवा. पुढच्या पेट्रोल पंपावर हवा मोजा, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर परत मोजा. दोन-तीन पीएसआय उतरली असेल तर पंक्चरवाल्याकडून टायर उघडून आतून पॅच लावून घ्या.