पुनरुत्थानावरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम : पाया पक्का, चौथा पाठ मात्र घाईचा

रविवारच्या वर्गात येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजराची गोष्ट सांगून झाल्यावर एका मुलीने विचारले, “सर, मग लाजर नंतर पुन्हा मेला का?” मेला असणारच, असे मी म्हणालो. “मग त्याला उठवून काय उपयोग झाला?” या तिच्या पुढच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर इतके गुळमुळीत होते की ते येथे लिहिण्याच्या लायकीचे नाही. आयुष्यभर दर ईस्टरला प्रवचने ऐकूनही पुनरुत्थान म्हणजे नेमके काय, हे आपल्याला एका मुलीला सांगता येत नाही, या जाणिवेने मी या विषयावरच्या मराठी ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव नोंदवले. पाऊण पाऊण तासाचे आठ ध्वनिचित्रमुद्रित पाठ, प्रत्येक पाठानंतर छोटी प्रश्नावली आणि शेवटी शंकासमाधानाचे एक थेट सत्र, असे त्याचे स्वरूप आहे. पुढे काही तक्रारी येणार आहेत, म्हणून संस्थेचे आणि शिक्षकांचे नाव देत नाही.

पहिल्या पाठात शिक्षकांनी तीन शब्द एकमेकांपासून वेगळे केले. आत्मा एक देह सोडून दुसऱ्या देहात जातो तो पुनर्जन्म. मेलेला माणूस पूर्वीच्याच आयुष्यात परत येतो आणि पुढे कधीतरी पुन्हा मरतो ते पुनरुज्जीवन. लाजर, याईराची मुलगी आणि नाईन गावच्या विधवेचा मुलगा हे तिघे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. पुनरुत्थान या दोन्हींपेक्षा वेगळे आहे, कारण त्यात मृत्यूच्या अलीकडे परतणे नाही, मृत्यू ओलांडून पलीकडे जाणे आहे, आणि जो पलीकडे जातो तो तोच माणूस असतो, त्याचा देह त्याच्यासह असतो, मात्र त्या देहावर मरणाची सत्ता उरलेली नसते. येशूबद्दल ख्रिस्ती विश्वास नेमके एवढेच म्हणतो, आणि तो कबरेतून ‘परत आला’ असे आपण सवयीने म्हणतो ते क्रियापदच चुकीचे आहे, हे शिक्षकांचे म्हणणे मला पटले.

त्यानंतर त्यांनी मूळ ग्रीक शब्द फळ्यावर लिहिला, ‘अनास्तासिस’. ‘अना’ म्हणजे वर किंवा पुन्हा, आणि ‘स्तासिस’ म्हणजे उभे राहणे. यातला ‘स्ता’ आणि आपल्या ‘उत्थान’ शब्दात दडलेला संस्कृत ‘स्था’ धातू हे एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. म्हणजे ‘पुनरुत्थान’ हा मराठी शब्द जवळजवळ अवयवाला अवयव लावून मूळ शब्दाशी जुळतो. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, येणारे दुसरे क्रियापद, ‘एगेइरो’, हे तर झोपेतून उठवण्यासाठीही वापरले जाई, आणि आपल्या ‘ऊठ’ मध्येही ते दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. मी पाठ थांबवून ही चार वाक्ये वहीत उतरवून घेतली.

आणि याच जागी ॲपने घात केला. सबटायटल यंत्राने तयार केलेली आहेत, आणि शिक्षक तोंडाने ‘पुनरुत्थान’ म्हणत असताना पडद्यावर खाली चक्क ‘पुनर्जन्म’ उमटत होते. एखाद्या पाककृतीच्या पाठात अशी चूक खपून गेली असती. ज्या पाठाचा सारा खटाटोप हे दोन शब्द वेगळे करण्यासाठी आहे, त्यात ती पाठावरच पाणी फिरवते. कानाने कमी ऐकू येणाऱ्या आणि सबटायटलवरच विसंबणाऱ्या माणसाने काय समजावे? मी संस्थेला कळवले. पहिला पाठ आठवड्याभरात दुरुस्त झाला, सातवा अजून तसाच आहे.

दुसरा पाठ येशूपूर्व यहूदी विश्वासाचा होता आणि माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातला हाच सर्वांत मोलाचा. देव शेवटच्या दिवशी मेलेल्यांना उठवील, ही आशा येशूच्या काळी नवी नव्हती. दानीएलच्या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात मातीत निजलेले जागे होतील असे म्हटलेले आहे. मक्काब्यांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 7व्या अध्यायात छळ सोसणाऱ्या सात भावांपैकी तिसरा भाऊ आपले हात पुढे करतो आणि हे हात मला देवाकडून मिळाले, त्याच्याचकडून ते मला परत मिळतील, अशा आशयाचे उद्गार काढतो. यहूद्यांतल्या दोन पंथांपैकी परूशी ही आशा मानत, सदूकी मानत नसत, आणि सात भावांशी एकामागून एक लग्न झालेली स्त्री पुनरुत्थानानंतर कोणाची बायको, हे कोडे सदूक्यांनी येशूला घातले ते याच वादातून. लाजराची बहीण मार्थाही आपला भाऊ शेवटच्या दिवशी उठेल हे आपल्याला ठाऊक आहे, असेच म्हणते. तेव्हा शिष्यांनी जे सांगितले त्यातले नवल ‘मेलेले उठतात’ यात नव्हते. सगळ्यांनी मिळून शेवटी उठायचे होते, त्यातला एकच जण इतिहासाच्या मध्यावर, आणि तोही वधस्तंभावर अपमानाने मारलेला, आधी उठला, हे नवल होते.

हे समजल्यावर नव्या करारातली अनेक पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने येशूला ‘प्रथमफळ’ का म्हटले ते उलगडते. कापणीची पहिली पेंढी देवापुढे आणली जाई, तेव्हा ती स्वतःपुरती नसे. मागे उभे असलेले सगळे शेत तिच्यात हजर असे. लाजराचे उठणे म्हणजे पेंढी नव्हे, ती पाटी होती, पुढे काय येणार आहे हे दाखवणारी. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले, आणि केवळ त्यासाठीही मी हा अभ्यासक्रम पुन्हा घेतला असता.

तिसरा पाठ करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायावर आहे. हे पत्र साधारण इ.स. 53 ते 55 च्या सुमारास, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान या येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांच्या आधी लिहिले गेले, आणि त्यात पौल जे सांगतो ते आपल्याला इतरांकडून मिळालेले, आपण पुढे सोपवलेले आहे असे तो स्वतःच म्हणतो. ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला, म्हणजे पेत्राला, आणि मग बारा शिष्यांना दिसला, पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी दिसला. या यादीत ‘मेला’ आणि ‘पुरला गेला’ ही क्रियापदे घडून संपलेल्या गोष्टीची आहेत, पण ‘उठवला गेला’ साठी ग्रीकमध्ये जो काळ वापरला आहे तो घडून गेलेल्या आणि अजूनही तशाच असलेल्या स्थितीचा आहे. मराठीत सांगायचे तर ‘उठवला गेला, आणि उठलेलाच आहे’. व्याकरणाच्या एवढ्याशा फरकावर शिक्षक दहा मिनिटे रेंगाळले, आणि ती दहा मिनिटे सार्थकी लागली.

याच अध्यायात पौल स्वतःच्या पायाखालची फळी काढून दाखवायला कचरत नाही. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमचा प्रचार पोकळ, तुमचा विश्वास पोकळ, आणि आम्ही सगळ्यांत कीव करण्याजोगी माणसे, असा त्याचा युक्तिवाद आहे. ख्रिस्ती धर्मातील नीतीची शिकवण, पर्वतावरचे प्रवचन, शेजाऱ्यावरची प्रीती हे सारे पुनरुत्थानाशिवायही टिकेल असे मानणाऱ्या सज्जन वाचकाला हा अध्याय फारशी सवलत देत नाही. पुढे तो ‘आध्यात्मिक देह’ असा शब्दप्रयोग करतो आणि येथे बहुतेकांची गफलत होते. त्याचा अर्थ वाऱ्यासारखा, देह नसलेला आत्मा असा नाही. आज देह प्राणाच्या बळावर चालतो, तेव्हा तो देवाच्या आत्म्याच्या बळावर चालेल, एवढेच तो म्हणतो, आणि त्यासाठी बी आणि रोप यांचा दाखला देतो : पेरतो ते वेगळे दिसते, उगवते ते वेगळे दिसते, पण दुसऱ्याच कशाचे तरी रोप उगवत नाही. देह हा तुरुंग आणि आत्म्याने त्यातून सुटावे, असे मानणाऱ्या ग्रीक श्रोत्यांना हे विचित्र वाटणे साहजिक होते. अथेन्सच्या अरियपग या सभेच्या टेकडीवर पौलाचे भाषण ऐकून घेणाऱ्यांपैकी काहींनी थट्टा सुरू केली ती नेमकी पुनरुत्थानाचा उल्लेख आल्यावर.

इथवर अभ्यासक्रमाला मी मनापासून दाद देतो. चौथ्या पाठात मात्र त्याच शिक्षकांचा सूर वकिली होतो. चार शुभवर्तमानांतले चार वृत्तान्त ते एका सलग वेळापत्रकात बसवू पाहतात, आणि ते बसत नाहीत. मार्कात तीन स्त्रिया आहेत, योहानात मग्दालीया मरीया एकटी दिसते. एकीकडे तरुण मनुष्य आहे, दुसरीकडे दोन देवदूत. दर्शने कोठे गालीलात, कोठे यरुशलेमेत. हे भेद झाकण्यापेक्षा मोकळेपणाने दाखवले असते तर बरे झाले असते, कारण ज्या गोष्टीत चौघांचे एकमत आहे ती भेदांमुळेच उठून दिसते : कबरेपाशी पहिल्यांदा स्त्रिया गेल्या. स्त्रीच्या साक्षीला फारसे वजन नसलेल्या काळात कोणी सोयीची कथा रचली असती, तर ती अशी सुरू केली नसती.

मार्काच्या शेवटाबद्दल तर त्यांनी केवळ एक वाक्य खर्चले. सायनायटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्काचे शुभवर्तमान 16व्या अध्यायाच्या 8व्या वचनापाशी संपते. स्त्रिया कबरेतून पळाल्या, त्या थरथरत होत्या, आणि भ्याल्यामुळे त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. पुनरुत्थानाच्या सगळ्या वृत्तान्तांत मला हा शेवट सर्वांत खरा वाटतो, आणि त्याच्यावर एक अख्खा पाठ व्हायला हवा होता.

पाठानंतरच्या प्रश्नावलीत विधान होते : ‘रिकामी कबर पाहून शिष्यांचा विश्वास बसला.’ मी ‘चूक’ वर खूण केली आणि ॲपने लाल फुली दाखवली. योहानाच्या 20व्या अध्यायात येशूच्या आवडत्या शिष्याने पाहिले आणि विश्वास ठेवला, हे मला मान्य आहे. परंतु त्याच अध्यायात मरीया रिकामी कबर पाहून प्रेत कोणीतरी उचलून नेले असे समजते आणि रडत बसते. लूकमध्ये स्त्रियांचे बोलणे प्रेषितांना बरळणे वाटते. मरीयेची समजूत पालटते ती तिने ज्याला माळी समजले त्याने तिला नावाने हाक मारल्यावर, आणि अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे येशूला ओळखतात ते त्याने भाकर मोडल्यावर. कबर केवळ प्रश्न उभा करते. अशा विषयावर ‘चूक की बरोबर’ छापाचा प्रश्न विचारणे हीच मुळात गल्लत आहे.

पाचव्या पाठाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. पुनरुत्थान हा इतिहासात तपासण्याजोगा प्रसंग नसून वधस्तंभाचा अर्थ प्रकट करणारी घोषणा आहे, अशी मांडणी करणारे जर्मन अभ्यासक रुडॉल्फ बुल्टमान यांना शिक्षकांनी दोन मिनिटांत निकालात काढले. मलाही त्यांचे म्हणणे पटत नाही, पण प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडून मग खोडायचे असते.

सहाव्या पाठाने ही नाराजी पुसली. इस्तंबूलच्या कोरा चर्चमधले चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचे भित्तिचित्र त्यात इंचाइंचाने दाखवले आहे. पाश्चात्त्य चित्रांत येशू बहुधा एकटाच कबरेतून बाहेर पडतो. पूर्वेकडच्या या चित्रात तो एका हाताने आदामाला आणि दुसऱ्या हाताने हव्वेला त्यांच्या थडग्यांतून ओढून काढतो आहे. पायाखाली अधोलोकाचे मोडलेले दरवाजे आहेत आणि कुलपे-किल्ल्या विखुरल्या आहेत. कॅमेरा हातांवर स्थिरावला तेव्हा लक्षात आले की येशूने त्यांचे तळहात धरलेले नाहीत, मनगटे धरली आहेत. वर खेचले जाणाऱ्याची पकड सुटली तरी हा धरणारा सोडणार नाही. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीत, ‘अधोलोकात उतरला’ असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ मला या चित्राने जेवढा कळला तेवढा कोणत्याही प्रवचनाने कळला नव्हता.

सातव्या पाठात बाप्तिस्मा आणि रविवार ही दोन प्रकरणे आहेत. ख्रिस्ताबरोबर पुरले जाऊन नव्या जीवनात चालायचे, ही रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायातली मांडणी पुनरुत्थानाला मरणानंतरच्या मुक्कामावरून उचलून आजच्या जगण्यात आणून ठेवते, हे त्यांनी छान सांगितले. आठव्यात ईस्टरच्या तारखेचे गणित आहे : 325 साली निकेयाच्या धर्मसभेने सर्वत्र एकाच रविवारी सण पाळावा असे ठरवले, तरी ज्युलियन आणि ग्रेगोरियन पंचांगांच्या फरकामुळे पूर्व आणि पश्चिमेच्या तारखा बहुतेक वर्षी वेगळ्या पडतात आणि 2025 सारख्या एखाद्या वर्षी, 20 एप्रिलला, एकत्र येतात. माहिती बिनचूक आहे, पण ती एका पानाच्या टिपणात मावली असती.

थेट सत्र अपेक्षेपेक्षा चांगले झाले. ज्याचे दहन झाले त्याचे पुनरुत्थान कसे, असे एकाने विचारले. शिक्षकांनी उत्तर दिले की कबरेतला देहही मातीच होतो, आगीत टाकलेले आणि समुद्रात बुडालेले हुतात्मे मंडळीने कधीच वगळले नाहीत, आणि कॅथलिक चर्चने 1963 साली दहनावरची बंदी उठवली तेव्हा पुनरुत्थानावरच्या विश्वासाला त्याने बाध येत नाही हेच गृहीत धरले होते. विश्वास हाडांच्या टिकाऊपणावर नाही, उठवणाऱ्यावर आहे, असे ते म्हणाले.

संस्थेने सबटायटल माणसाकडून तपासून घ्यावीत, चौथा पाठ नव्याने मुद्रित करावा आणि प्रश्नावली काढून टाकावी. तोवर हा अभ्यासक्रम घेणाऱ्याने पहिले तीन पाठ आणि सहावा पाठ सावकाश, थांबत थांबत पाहावेत. बाकीचे चालताबोलता ऐकले तरी चालतील.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीला पेंढीची आणि शेताची गोष्ट सांगितली. तिने ती लक्षपूर्वक ऐकली आणि विचारले, “येशूचा देह नवा झाला होता, तर हातावरच्या खिळ्यांच्या खुणा का गेल्या नाहीत?” खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्याचे नाव आठही पाठांत एकदाच आले आहे, तेही साक्षीदारांच्या यादीत. मी योहानाचा 20वा अध्याय उघडला आणि आम्ही दोघे 24व्या वचनापासून वाचू लागलो.