समन्वयक एकच ठेवावा, की टीमना थेट बोलू द्यावं?

परदेशातल्या व्हेंडरला, म्हणजे बाहेरच्या कंपनीला, सॉफ्टवेअरचं काम देताना दरांवर महिनाभर खल होतो. कोणी कोणाशी बोलायचं, हे मात्र किक-ऑफ मीटिंगच्या शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं जातं. पर्याय मुख्यतः दोन.

पहिला, दोन्हीकडे एकेक समन्वयक आणि सगळं त्यांच्यामार्फत. वरिष्ठांना हे आवडतं, कारण जाब विचारायला एक माणूस असतो आणि स्कोप, म्हणजे कामाची व्याप्ती, वाढला किंवा तारीख सरकली तर लेखी नोंद राहते. मार बसतो तो वेळेवर. घड्याळांत दहा तासांचा फरक असेल, तर डेव्हलपरची साधी शंका दोन समन्वयकांच्या हातून जाऊन परत येईपर्यंत दोन-तीन दिवस उलटतात. वाटेत तिचे शब्दही बदलतात. समन्वयक रजेवर गेला तर बघायलाच नको. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच म्हटलं होतं, की संस्थेत संवादाची जशी रचना, तशीच तिने घडवलेल्या प्रणालीची. संवादाचा सांधा एकच आणि तोही आखडलेला असेल, तर इंटिग्रेशनच्या, म्हणजे सगळे भाग जोडण्याच्या, वेळी नेमकं तिथेच अडकतं.

दुसरा पर्याय थेट संवादाचा. शंका चॅटवर तासाभरात सुटते. पण दोन्हीकडे पाच-पाच माणसं असली तर बोलणाऱ्या जोड्या २५, आठ-आठ झाली की ६४. त्यातल्याच एखाद्या जोडीत ‘एवढं छोटंसं करून टाक ना’ होतं आणि पुढे बिलावरून वाजतं. व्हेंडरकडचा नवखा माणूस क्लायंटला तोंडावर ‘नाही’ म्हणायला कचरतो. तो म्हणतो ‘बघतो’, पलीकडे ऐकू येतो होकार. म्हणून ‘कळलं का?’ असं विचारूच नये. काय करणार ते त्याच्या शब्दांत लिहून मागावं.

माझा कौल कराराच्या प्रकारावर. फिक्स्ड प्राइस (आधीच ठरलेली एकूण किंमत) आणि गोठवलेली स्पेसिफिकेशन (काय बनवायचं याचा पक्का तपशील) असेल तर एकच समन्वयक. टाइम अँड मटेरियल (लागेल त्या वेळेचे आणि साधनांचे पैसे) असेल आणि गरजा दर आठवड्याला बदलत असतील, तर कामाचं बोलणं थेट. पैसा, स्कोप आणि तारखा मात्र एकाच हातात.

दोन्ही पद्धतींत सुरक्षा आणि कायदा विभाग यादीतून सुटतात, आणि गो-लाइव्हच्या, म्हणजे प्रणाली प्रत्यक्ष सुरू होण्याच्या, आदल्या आठवड्यात सही अडवायला हजर होतात. रोजच्या कॉलला त्यांना बोलावू नका, पण त्यांच्या अटी पहिल्याच महिन्यात लेखी मागवा.