कंत्राटी मजुरांचा हिशोब मागायचाय: ‘आपले सरकार’वर तक्रार की माहिती अधिकाराचा अर्ज?

सरकारी योजनेतून काम निघतं, कंत्राटदार येतो, गावातलीच पोरं कामावर लागतात आणि काही महिन्यांनी कुणीतरी विचारतं, ‘पगारातनं पीएफ कापला म्हणतात, तो गेला कुठं?’ सांगली-साताऱ्याकडे अशा वेळी दोन वाटा लगेच सुचवल्या जातात. मोबाइलवरून ‘आपले सरकार’ या राज्य सरकारच्या पोर्टलवर तक्रार टाका, नाहीतर माहिती अधिकारात अर्ज करा. सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या स्थानिक संस्थेच्या पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांसाठी मी दोन्ही करून पाहिलं आहे. तुमचं प्रकरण वेगळं असेल, तेव्हा माझा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू पडेल असं म्हणत नाही.

पैसा परदेशी असेल तर वाट बदलते का, असं बरेच जण विचारतात. फारशी नाही. परदेशी सरकारांकडून आपत्तीची मदत घ्यायची नाही हे धोरण २००४ च्या त्सुनामीपासूनचं. २०१८ च्या केरळच्या पुरातही ते बदललं नाही. आपल्याकडे २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कृष्णा खोऱ्यासाठी जागतिक बँकेचं जे नाव घेतलं जातं, ते कर्जासाठी. कर्ज आपणच फेडणार आणि खर्च आपलीच कार्यालयं करणार, म्हणजे हिशोबही त्यांनाच मागायचा. जागतिक बँकेची स्वतःची यंत्रणा आहे. सरदार सरोवराच्या वादानंतर १९९३ मध्ये तिचं तपासणी पॅनेल आलं, आणि २०१८ पासूनच्या तिच्या निकषांत मजुरांच्या तक्रारींसाठी प्रकल्पातच वेगळी सोय ठेवायला सांगितलं आहे. पण पॅनेलची वाट विस्थापनासारख्या मोठ्या प्रश्नांना शोभते. दोन महिन्यांच्या थकलेल्या पगारासाठी कुणी तिकडे जाऊ नये.

आता पोर्टल. त्याचे गुण खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पैसे लागत नाहीत, रजा टाकून कार्यालयात जावं लागत नाही, लगेच नंबर मिळतो आणि कामकाजाच्या २१ दिवसांत उत्तर देण्याचं बंधन आहे. कोरेगावच्या एका स्नेह्याच्या पत्नीचं मानधन खाते क्रमांकातल्या चुकीमुळे अडकलं होतं. पोर्टलवर तक्रार गेल्यावर ते सुटलं. चूक कुणालाच लपवायची नसते, फक्त कुणी हात घालत नसतं, तिथे पोर्टल चांगलं चालतं.

माझं घोडं पेंड खाल्लं ते दुसऱ्याच ठिकाणी. तक्रार मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला अशी उतरत उतरत शेवटी त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर येते, ज्याच्या सहीने कंत्राटदाराचं देयक निघालं. तोच उत्तर लिहितो. मला आलेलं उत्तर असं: ‘सदर बाब कंत्राटदाराशी संबंधित असून त्यास पत्राद्वारे कळविण्यात आले आहे.’ पत्राची प्रत नाही, तारीख नाही. आणि तक्रारीची स्थिती ‘निकाली’. असमाधानी आहे असं नोंदवलं, पुन्हा तक्रार केली, पुन्हा तेच वाक्य आलं. वरच्या कार्यालयाच्या मासिक आढाव्यात मात्र माझं प्रकरण वेळेत निकाली निघालेलं. कामगाराला एक रुपया मिळालेला नसताना सरकारदरबारी प्रश्न मिटलेला असतो, हे मला सहन झालं नाही. माझा निर्णय इथेच झाला.

माहिती अधिकाराचा त्रास कमी नाही. महाराष्ट्रात अर्जाला एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची वाट. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. तिथली तारीख लागायला वर्ष सहज उलटतं, आणि तेवढ्यात कंत्राटही संपून जातं. वेतनपत्रक मागितलं की ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देण्याची सवय तर सर्वत्र आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने त्या नकाराला आणखी बळ दिलं. त्यावर मला उपयोगी पडलेला उपाय म्हणजे ज्या कामगारांची माहिती हवी, त्यांची सहीची संमतीपत्रं अर्जालाच जोडणं. आणि पोच घेतल्याशिवाय आवक-जावकच्या खिडकीवरून हलू नये.

इतकं असूनही पारडं माझ्यापुरतं इकडेच झुकतं, त्याचं कारण अभिलेखाचं अवलोकन. राज्य सरकारच्या २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकाला कागद पाहता येतात. पुष्कळ कार्यालयांत हे कुणाला माहीतच नसतं, म्हणून निर्णयाची प्रत सोबत न्यावी. मी गेलो तेव्हा लिपिकाने बरीच कुरकुर करून लाल फितीत बांधलेली फाइल पुढ्यात ठेवली. हजेरीपटात बारा नावं होती. देयकाला जोडलेल्या भविष्य निर्वाह निधीच्या चलनात सात. दर किमान वेतनाचा लावलेला, आणि बाराही जणांच्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या, एकाच वळणाच्या. त्यातले दोघे अंगठा उठवतात, हे मला ठाऊक होतं. पोर्टलवर कितीही तक्रारी केल्या असत्या तरी हे पान माझ्यासमोर आलं नसतं.

त्या पानांच्या साक्षांकित प्रती घेतल्या आणि कामगारांच्या अर्जासोबत कामगार आयुक्तालयाच्या जिल्हा कार्यालयात दिल्या. कंत्राटदाराने वेतन बुडवलं तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कंत्राट देणाऱ्या कार्यालयावर येते, हे कायद्यात १९७० पासून आहे. पण कागद हातात नसेल तर ते कलम नुसतं वाचून दाखवण्यापुरतं उरतं. राहिलेल्या पाच जणांचा पीएफ भरला गेला. उशिरा, पण भरला गेला. कागदावरचं किमान वेतन आणि हातात पडलेली मजुरी यांतला फरक अजून सगळा मिळालेला नाही.

रोजगार हमीचा पहिला प्रयोग वि. स. पागे यांनी आपल्याच तासगाव तालुक्यात, विसापूरला केला. त्या जिल्ह्यात कामाचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, मजुराला पाहायला मिळू नये, याची मला खरोखर चीड येते.

तेव्हा, घाई असेल, रक्कम एका माणसाची असेल आणि समोरच्याला काही लपवायचं नसेल, तर पोर्टल वापरा. मीही वापरतो. लपवाछपवीचा संशय असेल तर आधी माहिती अधिकार, आणि तक्रार कागद हातात आल्यावर. उलटा क्रम शक्यतो नको, कारण तक्रार आधी गेली की फाइल नीटनेटकी व्हायला वेळ मिळतो. पहिल्या अर्जात कार्यादेश (कंत्राटदाराला काम दिल्याचा आदेश), सहा महिन्यांचे हजेरीपट, देयकं आणि पीएफची चलनं एवढंच मागा आणि सोबत ‘प्रत्यक्ष अवलोकन करावयाचे आहे’ हे वाक्य आवर्जून लिहा. ‘का’ आणि ‘कशामुळे’ असे प्रश्न टाळा. त्यांना उत्तर देण्याचं बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही, आणि त्या एका ओळीवरून अख्खा अर्ज फेटाळलेला मी पाहिला आहे.