तीन पाउंडी रबरी टंबलर आणि ऑब्सिडियन: मशीनला चार स्टार, सोबतच्या पाकिटांना दीड

आधीच सांगते, हा रिव्ह्यू अगेट-जॅस्परसारखे कडक दगड घोटणाऱ्यांसाठी नाही. त्यांच्यासाठी हे मशीन, म्हणजे दगड फिरवून फिरवून गुळगुळीत करणारा टंबलर, किती छान आहे ते लोकांनी भरभरून लिहून ठेवलंय आणि ते खरंच आहे, खोक्यावर लिहिलंय तसं करा, महिन्याभराने गुळगुळीत खडे काढा, विषय संपला. मी लिहितेय ते ऑब्सिडियनसाठी, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेसाठी, कारण अमेरिकेतल्या ओरेगनमधे राहणाऱ्या, दगडांचं थोडंफार वेड असलेल्या माणसाच्या गराजमधे कधी ना कधी ऑब्सिडियनची बादली येतेच आणि मग प्रश्न पडतो की टंबलर घेऊ का, आणि घेतला तर कुठला. माझं उत्तर असं की घ्या, रबरी बॅरलचाच घ्या, पण सोबत आलेल्या ग्रिटच्या (दगड घासायच्या भुकटीच्या) पाकिटांपैकी पहिलं आणि शेवटचं बाजूला ठेवा, आणि त्यातलं माहितीपत्रक दुसऱ्या दगडांसाठी जपून ठेवा.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ही तीन पाउंडी रबरी बॅरलची मशीनं आतून जवळजवळ सारखीच असतात, खाली छोटी मोटर, एक बेल्ट, दोन रोलर, आणि त्यावर आडवं पडलेलं जाड रबराचं बॅरल. तीन पाउंड म्हणजे दगड, पाणी, मीडिया (दगडांमधे मिसळायचे छोटे दंडगोल किंवा गोळ्या) सगळं धरून हं, नुसते दगड नाहीत, हे खूप जण विसरतात आणि मग बॅरल गच्च भरलं की बेल्ट घसरतो, मोटर तापते आणि शिव्या कंपनीला. बेल्ट म्हणजे एक रबरी रिंग, ती कधीतरी तुटणारच, म्हणून एक-दोन जास्तीच्या घेऊन ठेवा, फार महाग नाहीत. झाकणाचं डिझाइन मला आवडलं, आतलं झाकण, वर रिंग, वर हाताने पिळायचा नट. फक्त लावताना कडेला ग्रिटचा एक कण जरी राहिला तरी रात्रभर राखाडी पाणी टेबलावर टिपकत बसतं, त्यामुळे लावायच्या आधी ओल्या फडक्याने कड पुसायची म्हणजे पुसायचीच. दिवसातून एकदा झाकण उघडून आतला गॅस सोडून दिलेला बरा, काही दगडांबरोबर तो साठतो.

आवाज? येतोच. पण प्लास्टिकच्या बॅरलवाली जी लहान मुलांची सायन्स किट मिळतात त्यांच्या मानाने हे काहीच नाही. ते प्लास्टिकचं प्रकरण बेडरूमच्या शेजारी लावलं तर घरात भांडणं होतील, आणि ऑब्सिडियनला तर ते अजिबात नको कारण कडक भिंतीवर काच आपटत राहणार. हे रबरी मशीन गराजमधे ठेवलं की स्वयंपाकघरात ऐकूही येत नाही. विजेच्या बिलात फरक जाणवत नाही, मोटर अगदीच किरकोळ आहे.

आता मूळ मुद्दा. ऑब्सिडियन हा तसा नेहमीसारखा दगड नाहीच, ज्वालामुखीतून आलेली काच आहे. सिलिका भरपूर असलेला घट्ट लाव्हा इतक्या पटकन गार झाला की स्फटिक बनायला वेळच मिळाला नाही. मोह्सच्या मापावर कडकपणा ५ ते ५.५, आणि अगेट ६.५ ते ७. म्हणजे ऑब्सिडियन लवकर झिजतो हे चांगलं, पण त्याला ना स्फटिकांची वीण ना तंतू, एक टोला बसला की टवका उडतो, आणि तो टवका शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वाटोळा आणि कडेला ब्लेडहून धारदार. अगेट एकमेकांवर आपटले तरी फारसं काही होत नाही, ऑब्सिडियन आपटले की पृष्ठभागाखाली छोट्या छोट्या चंद्रकोरी पडतात, पांढुरक्या. त्या पहिल्या-दुसऱ्या स्टेजला, म्हणजे जाड्या ग्रिटच्या टप्प्यांना, नीट दिसत नाहीत, दिसतात त्या शेवटी पॉलिश चढलं की, आणि मग लोक लिहितात पॉलिश खराब आहे, मशीन बोगस आहे, एक स्टार. पॉलिशचा काय दोष, मार आधीच बसलेला असतो.

त्यामुळे ऑब्सिडियनच्या टंबलिंगमधे निम्मं लक्ष घोटण्याकडे द्यायचं आणि निम्मं मार वाचवण्याकडे. यासाठी लागतो सिरॅमिक मीडिया, म्हणजे चिनी मातीचे छोटे दंडगोल, आणि तो किटमधे एक तर नसतो किंवा मूठभर असतो. वेगळा विकत घ्या, भरपूर घ्या. मी जवळजवळ निम्मं मीडिया निम्मे दगड असं भरते आणि बॅरल पाऊण भरेल इतकं. बॅरल अर्धंच भरलं तर आत दगड वरून खाली पडतात, पाऊण भरलं की ते घसरत घसरत फिरतात, आणि हा फरक कानाला कळतो बरं का, सरसर असा एकसारखा आवाज यायला पाहिजे, खडखड यायला नको. प्लास्टिकच्या गोळ्यासुद्धा मिळतात, त्या मऊ म्हणून चांगल्या, पण त्यांच्यात ग्रिट रुतून बसतं, म्हणून प्रत्येक स्टेजच्या गोळ्या वेगळ्या डब्यात आणि डब्यावर नाव. सिरॅमिक मात्र स्वच्छ धुतला जातो. आणि जागा भरायला म्हणून ऑब्सिडियनबरोबर अगेट कधीही टाकू नका, अगेट छान निघेल आणि ऑब्सिडियनची वाट लागेल.

किटमधलं पहिलं पाकीट म्हणजे ६०/९० चं सिलिकॉन कार्बाइड (आकडा जितका लहान तितकं ग्रिट जाडं). अगेटला ते हवंच. ऑब्सिडियनला माझ्या मते फक्त तेव्हा, जेव्हा तुकडे खूप वेडेवाकडे आहेत आणि तुम्हाला गोलमटोल आकार हवा आहे. नाहीतर सरळ १२०/२२० पासून सुरुवात करा. तीन पाउंडाच्या बॅरलला साधारण चार टेबलस्पून ग्रिट, पाणी दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली. माहितीपत्रक म्हणतं सात दिवस. सात दिवस कशाला, तीन-चार दिवसांनी उघडून बघा, काच आहे ती, भराभर झिजते, आणि उगाच फिरवत बसलात तर सुंदर तुकड्याची गोटी होऊन बसते. मग ५०० चं प्रीपॉलिश, म्हणजे पॉलिशच्या आधीचं बारीक ग्रिट, इथे घाई नको, पूर्ण आठवडा द्या, आणि या टप्प्याला पाणी थोडं कमी ठेवा म्हणजे गाळ दाट होतो आणि दगडांना उशी मिळते.

शेवटचं पाकीट पॉलिशचं, माझ्या किटमधे ॲल्युमिनियम ऑक्साइड होतं. वाईट नाही, चमक येते, पण काचेला खरी झिलई येते ती सिरियम ऑक्साइडने. चष्म्याच्या आणि दुर्बिणीच्या काचा घोटायला वर्षानुवर्षं हेच वापरतात, ऑब्सिडियन काचच, मग वेगळं काय वापरायचं. ते वेगळं घ्यावं लागतं, स्वस्त नाही, पण एक डबा खूप पुरतो. दोन्हीतला फरक फोटोत दिसत नाही, हातात घेऊन खिडकीकडे धरला की दिसतो, एकात खिडकी जराशी धूसर दिसते, दुसऱ्यात खिडकीची जाळीसुद्धा मोजता येते. सगळं झालं की साबणाचा कीस आणि पाणी घालून काही तास फिरवायचं, फटीतलं पॉलिश निघून जातं.

दोन स्टेजच्या मधलं धुणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात महत्त्वाचंही. जुना टूथब्रश, बादली, प्रत्येक तुकडा हातात घेऊन. ज्याला चीर आहे तो तिथेच बाहेर काढा, कारण त्या चिरेत जाडं ग्रिट लपून पुढच्या स्टेजला जातं आणि सगळ्या बॅरलला ओरखडे पाडतं. कोमट पाणी ठीक, पण थंडगार दगडांवर एकदम कढत पाणी ओतू नका, तडकतात. आणि तो राखाडी गाळ सिंकमधे ओतायचा नाही म्हणजे नाही! तो पाइपात बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ वाळवून कचऱ्यात.

एक गोष्ट हे मशीन करूच शकत नाही आणि ती जाहिरातीत कोणी सांगत नाही. रेनबो, गोल्ड शीन, सिल्व्हर शीन हे जे ऑब्सिडियनचे भारी प्रकार आहेत ते टंबलरमधे टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. रेनबोतले रंग अतिसूक्ष्म स्फटिकांच्या थरांमुळे दिसतात, गोल्ड शीनमधली सोनेरी झाक चपट्या झालेल्या बारीक बुडबुड्यांमुळे, आणि दोन्हीकडे घासलेली बाजू त्या थरांना समांतर असली तरच काहीतरी दिसतं. टंबलर सगळीकडून सारखंच घासतो, मग हातात येते काळी कुळकुळीत गोटी, आत इंद्रधनुष्य असूनही. हे तुकडे कापायलाच लागतात. पाण्याने ओला करून उन्हात फिरवून बघायचा, रंग कुठल्या बाजूने चमकतो तिथे मार्करने रेघ मारायची, आणि मग ट्रिम सॉ, म्हणजे दगड कापायची छोटी करवत. सॉ घरी घ्यायची गरज नाही असं माझं मत, इथल्या बहुतेक रॉक क्लबांचं वर्कशॉप असतं, मेंबर झालं की थोडक्या पैशांत सॉ आणि कॅब मशीन (दगड घासून आकार आणि पॉलिश द्यायचं चाकांचं मशीन) वापरायला मिळतं आणि वर चार अनुभवी आजोबा फुकट सल्ला देतात. ब्लेड अखंड कडेचं डायमंडचं घ्या, खाचांचं नको, आणि कापताना शेवटच्या अर्ध्या सेंटीमीटरला हात अगदी हलका, नाहीतर तुकडा मोडून सुटतो आणि कडेला मोठा टवका जातो. डॉप स्टिकवर (घासताना दगड धरायच्या काडीवर) चिकटवायला गरम लाख वापरत असाल तर ऑब्सिडियनला नको, उष्णतेने चीर जाते, इपॉक्सी बरं. मग डायमंड व्हील्सवर क्रमाने बारीक, शेवटी चामड्यावर किंवा फेल्टवर सिरियम, सतत ओलं ठेवून.

टंबलरमधे टाकायला महोगनी आणि स्नोफ्लेक हे ऑब्सिडियनचे प्रकार उत्तम, सगळीकडून सारखेच छान दिसतात. स्नोफ्लेकमधली पांढरी फुलं म्हणजे क्रिस्टोबलाइट, ते मात्र स्फटिकरूपातलं सिलिका आहे, त्याची धूळ फुफ्फुसात जाणं चांगलं नाही, म्हणून कोरडं कापणं-घासणं कधीच नाही, कायम पाणी. तुकडे फोडताना गॉगल आणि जाड हातमोजे, आणि पोरांना लांब ठेवा, ती टवक्यांवर कचकन पाय ठेवतात.

कच्चा माल विकत घ्यायची गरज इथे तरी नाही. बेंडहून बर्न्सला जाणाऱ्या हायवे २० वर ग्लास ब्यूट्स नावाच्या टेकड्या आहेत, सरकारी जमीन, स्वतःपुरतं गोळा करायला परवानगी आहे, विकायला नाही. तिथल्या कच्च्या रस्त्यांवर चांगले टायर आणि स्टेपनी असल्याशिवाय जाऊ नका, रस्ताच काचेचा आहे. कॅलिफोर्नियात खाली मोडॉक नॅशनल फॉरेस्टमधे डेव्हिस क्रीकजवळ रेनबो मिळतो, त्याला परमिट लागतं पण ते फुकट मिळतं. ओरेगनमधल्या न्यूबेरी ज्वालामुखीचा बिग ऑब्सिडियन फ्लो, म्हणजे ऑब्सिडियनचा गोठलेला प्रवाह, मात्र फक्त बघायचा, साधारण १३०० वर्षांपूर्वीचा आहे, तिथला खडाही उचलायला बंदी. ऑनलाइन घेणार असाल तर निळंशार किंवा बाटलीसारखं हिरवं ऑब्सिडियन दिसलं की सावध, बहुतेक वेळा ती कारखान्यातली काच असते.

पुण्याहून बहिणीने विचारलं येताना असलं एक मशीन आणशील का. नाही आणणार. मोटर ११० व्होल्ट ६० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मर लावला तरी तिकडच्या ५० हर्ट्झवर ती हळू फिरणार, आणि बॅगेत त्या वजनात कितीतरी जास्त कामाचं सामान बसतं. शिवाय तिकडे ऑब्सिडियन कुठे आहे? दख्खनच्या काळ्या कातळात मिळते ती गारगोटी आणि अगेट, आणि त्यासाठी तिथेच २३० व्होल्टवर चालणारं काहीतरी घ्यावं, आणि मग माहितीपत्रक खुशाल अक्षरशः पाळावं.

किमतीचं म्हणाल तर रबरी बॅरलचं मशीन शंभर-दीडशे डॉलरच्या घरात जातं, त्यावर सिरॅमिक मीडिया आणि सिरियमचा वेगळा खर्च धरा. हे वरचे पैसे घालायचे नसतील तर ऑब्सिडियनसाठी हे मशीन घेऊ नका, अगेटच फिरवा. आणि ज्यांच्याकडे पैसे आणि जागा दोन्ही आहे त्यांनी व्हायब्रेटरी टंबलर बघावा, तो दगड फिरवत नाही, थरथरवतो, मार कमी बसतो आणि शेवटच्या स्टेज फार लवकर होतात. माझा मधला विचार असा चाललाय की पहिला राउंड या रबरी बॅरलमधे आणि पुढचं सगळं व्हायब्रेटरीत. नवरा म्हणतो आधी गराजमधे गाडीला जागा कर.