द्राक्ष आणि सातू : मद्याच्या दोन वाटा

द्राक्षात साखर आयतीच असते. पिकलेल्या वाइन-द्राक्षांच्या रसात साधारण २० ते २५ टक्के. मणी फुटून रस यीस्टला भिडला की आंबायला लागतो. जॉर्जिया देशात इ.स.पू. ६००० च्या सुमाराच्या मडक्यांमध्ये वाइनच्या खुणा सापडल्या आहेत.

सातूचं, म्हणजे बार्लीचं, तसं नाही. त्याच्यात असतो स्टार्च, आणि बिअरच्या यीस्टला तो थेट पचत नाही. म्हणून दाणे भिजवायचे, चार-सहा दिवस मोड येऊ द्यायचे, कोंब सालाआड जवळजवळ दाण्याएवढा वाढला की सुकवायचे. कच्चा सातू दाताखाली टणक लागतो. हाच सुकवलेला दाणा कुरकुरीत आणि गोडसर. मोड येताना वाढलेली एन्झाइम्स ६५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात स्टार्चची साखर करतात. पाणी फार तापलं तर ती निकामी होतात आणि सगळी मेहनत वाया.

मला सातूच जास्त भावतो. कोवळ्या रोपासाठी राखलेली शिदोरी माणसाने ओळखली, ही केवढी मोठी गोष्ट! शिवाय कोरडा दाणा वर्षभर टिकतो. द्राक्षाला मात्र तोडणीनंतर लगेच हात घालावा लागतो. सुगंधात, आंबटपणात द्राक्ष सरस; सातूच्या पेयाला कडवटपणा बहुधा हॉप्स या वेलीच्या फुलांकडून उसना घ्यावा लागतो.