दहा महिन्यांचा म्हणून घेतला, निघाला चार दाती

आमच्या भूम तालुक्यात शेळी म्हणजे उस्मानाबादी. काळीभोर, बांधावर पोट भरणारी, बऱ्याचदा जुळी देणारी. माझ्याकडं बावीस होत्या. करडं वजनाला कमी भरतात असं मनात आलं, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंनी ते पक्कं केलं.

पैदाशीला वजनदार बोकड घ्यायचा म्हणून एका फार्मवर गेलो. फार्मवाला लई गोड. "दाजी, पाऊण बोअर आहे. दहा महिन्यांत ४८ किलो. याची करडं बघत राहाल." पाऊण बोअर म्हणजे बोकडात तीन हिस्से रक्त बोअर जातीचं. पांढरं अंग, तांबडं डोकं. बोअर दक्षिण आफ्रिकेची, पूर्ण वाढलेला नर १०० किलोच्या पुढं जातो, आपला उस्मानाबादी बोकड ३५च्या आसपास, हे त्यानं सांगितलं ते खरंच आहे. बाकीचं खोटं होतं.

पैदाशीचा म्हणून किलोला ९०० रुपये. माझ्यासमोर काट्यावर घातला, ४३,२०० मोजले. पावती मागितली तर फार्मचाच शिक्का मारलेला लॅमिनेशनचा कागद दिला, 'पाऊण बोअर' लिहिलेला. कानातला सरकारी नोंदणीचा बारा आकडी बिल्ला? "झाडाला घासून पडला, दाजी."

दोन दिवसांनी गावातल्या काट्यावर ४३ किलो. आदल्या रात्री खुराकात मीठ जास्त घालायचं आणि सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी पोटभर पाणी पाजायचं, ही जुनी चलाखी मला नंतर कळली. म्हणजे ५ किलो पाणी मी ९०० रुपये किलोनं घेतलं.

त्याच संध्याकाळी बापानं बोकडाचा ओठ वर केला. "चार दाती हाय की रं हे!" शेळीचे पुढचे दोन पक्के दात साधारण सव्वा-दीड वर्षाला येतात, चार दात दोन वर्षांच्या आसपास. दहा महिन्यांच्या बोकडाला सगळे दुधाचेच दात पाहिजेत. जन्मभर बैल दात बघून घेतले, आणि बोकडाला मात्र तांबड्या डोक्यावर भाळलो.

फोन केला. "चारा बदलला की वजन उतरतंच." दुसऱ्या दिवसापासून फोन उचलायचा बंद.

तरी ठेवला. शेळ्या गाभण गेल्या, करडं झाली. तीन महिन्यांना नऊ-दहा किलो, जशी आधी व्हायची तशीच. मग पशुवैद्यकीय डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं ते मी विसरणार नाही. वजन एका जनुकाच्या हातात नसतं, पुष्कळ जनुकं थोडा थोडा भार उचलतात. रंगाची जनुकं वेगळी. तांबडं डोकं बोअरसारखं दिसलं म्हणून वाढ बोअरसारखी येत नाही. आणि बोकड कळपातल्या बरोबरीच्या बोकडांपेक्षा १० किलो जड असला, तरी त्यातलं बरंचसं खुराकाचं, आईच्या दुधाचं, एकटं जन्मल्याचं असतं. रक्तातलं समजा तीन किलो. त्यातलंही निम्मंच करडात उतरतं, कारण उरलेलं निम्मं आईकडून येतं. म्हणजे दीड किलो. तेही बोकडाचं वय, वजन खरं असेल तर!

जुळ्यातलं करडू एकट्या करडापेक्षा हलकंच जन्मतं, त्यात त्याच्या रक्ताचा दोष नसतो. मी उलट करत आलो होतो. एकटं, गुबगुबीत करडू पैदाशीला ठेवायचो आणि जुळ्यातलं विकायचो. हळूहळू कळपातली जुळी देण्याची सवयच मी माझ्या हातानं कमी करत होतो.

आता कोणी बोकड दाखवला की मी त्याची आई बघायला मागतो. ती किती वेताची, जुळी किती वेळा, करडांची तीन महिन्यांची वजनं वहीत आहेत का. वही नसली तर चहा पिऊन उठतो. वजन सकाळी उपाशीपोटी, आमच्या काट्यावर. बोकड आणि पाटी, म्हणजे तरणी शेळी, एकाच गोठ्यातून घेत नाही, एका रक्ताची जोडी लागली तर करडं आणखी खुरटतात. फार्मवाला मला त्याच बोकडाच्या दोन पाटी 'सवलतीत' देत होता. पैसे संपले होते म्हणून वाचलो.

शेवटी बोकड खाटकाला दिला, ४०० रुपये किलोनं. काट्यावर घ्यायच्या आधी त्यानं पहिल्यांदा त्याचं तोंड उघडून बघितलं.