आरव्ही घेऊन सवाना की चार्ल्सटन?

अमेरिकेच्या दक्षिणेतलं एखादं जुनं शहर बघायचं ठरलंय, आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यायचंही ठरलंय, आणि आता जॉर्जियातलं सवाना की साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन यावर घोडं अडलंय, असं असेल तर हे वाचा आणि मग तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही दोन्ही केलेत, दोन्ही आरव्हीनेच. दोन शहरांमध्ये साधारण दोन तासांचं अंतर आहे, त्यामुळे "एकाच फेरीत दोन्ही उरकू की" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण लाँग वीकेंडमध्ये ते करायला गेलात तर अर्धा वेळ मुक्कामाच्या जागी गाडीला पाण्याच्या-सांडपाण्याच्या होज जोडण्यात आणि सोडण्यात जातो, म्हणून एकच निवडा असं माझं म्हणणं.

आमची परिस्थिती आधी सांगून ठेवतो कारण सगळं त्यावरच आहे. गाडी क्लास सी, म्हणजे मधल्या आकाराची आरव्ही, पंचवीस फुटांच्या आसपास, मागे टो केलेली कार नाही. सोबत आई-बाबा, भारतातून आलेले, सत्तरी ओलांडलेले, बाबांचा एक गुडघा कुरकुरणारा. तुमच्याकडे टो केलेली छोटी कार असेल आणि घरात सगळे धडधाकट असतील तर पुढचं निम्मं तुम्हाला लागू नाही, तुम्ही खुशाल चार्ल्सटनला जा.

कारण शहर म्हणून चार्ल्सटन कदाचित उजवंच आहे, हे मान्य करायला हवं. १६७० सालची वसाहत, म्हणजे सवानापेक्षा साठ-पासष्ट वर्षांनी थोरली. तिकडची जुनी घरं रस्त्याला काटकोनात उभी असतात, अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांबच लांब पडवी आतल्या अंगाला, रस्त्यावरचा दरवाजा उघडला की घरात नाही तर पडवीत पाऊल पडतं. भिंतींवर मध्येच लोखंडी चकत्या दिसतात, काही नुसत्या गोल, काही चांदणीच्या आकाराच्या. १८८६ ला मोठा भूकंप झाला तेव्हा विटांच्या भिंती फाकू नयेत म्हणून आरपार सळ्या घालून दोन्ही टोकांना आवळल्या, त्यांच्या त्या चकत्या. बाबा सिव्हिल इंजिनियर, ते प्रत्येक चकतीपाशी थांबायचे. शिवाय बंदरातला फोर्ट सम्टर किल्ला आहे, जिथे एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा पहिला तोफगोळा पडला, तिकडे बोटीने जाता येतं. आणि २०२३ मध्ये उघडलेलं इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम तर चुकवूच नये. ज्या गॅड्सडेन्स धक्क्यावर गुलाम म्हणून आणलेली माणसं उतरवत त्याच जागेवर ते उभं आहे आणि खाली जमीन मोकळी ठेवून अख्खी इमारत खांबांवर उचललीये. त्या भागातली जुनी श्रीमंती आली ती भातशेतीतून, आणि भातशेतीची अक्कल होती ती पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांची, हे तिथे नीट कळतं. आई रत्नागिरीकडची, भाताची खाचरं बघत वाढलेली, तिथून बाहेर पडल्यावर बराच वेळ काही बोलली नाही.

मग अडचण कुठे आली? अडचण आरव्हीत आली, शहरात नाही.

चार्ल्सटनचं जुनं गाव दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जिभेवर आहे. कॅम्पग्राउंड, म्हणजे आरव्ही लावून मुक्काम करायच्या जागा, तिथे नाहीत, बाहेर आहेत. आम्ही जेम्स आयलंड काउंटी पार्कला उतरलो होतो आणि कॅम्पग्राउंड म्हणून ती जागा अतिशय छान, झाडी, तळी, पोरांना खेळायला भरपूर. गावात जायला पंधरा-वीस मिनिटं, ट्रॅफिक नसेल तर. पण हे मिनिटांचं गणित कारवाल्यांचं. आरव्हीवाल्याने सकाळी निघायचं म्हणजे आधी स्लाइड, म्हणजे बाहेर सरकवलेला गाडीचा भाग, आत, पाण्याची होज सोडा, गुंडाळा, तिच्यातलं उरलेलं पाणी आपल्या बुटांवर घ्या, सीवरची, म्हणजे सांडपाण्याची, होज सोडा आणि तो कार्यक्रम नाष्ट्याच्या आधी की नंतर यावर घरात चर्चा करा, तीस अँपची विजेची केबल काढा, चहाची भांडी सिंकमधून उचलून टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात कोंबा, प्रत्येक कपाटाची खिट्टी बघा, आणि तरी पहिल्या वळणावर कुठलातरी डबा धाडकन खाली येतोच, आमच्याकडे तो भाजणीचा आला. एवढं सगळं करून गावात पोचलात की पुढचा प्रश्न, लावायची कुठे. पार्किंग गॅरेजच्या तोंडावर उंचीचा दांडा आडवा, आपली गाडी अकरा फुटांच्या वर. रस्त्यावरच्या जागा कारच्या मापाच्या. ब्रॉड स्ट्रीटच्या दक्षिणेला गेलात तर एवढ्या अरुंद गल्ल्या की समोरून घोडागाडी आली तर कोणी मागे जायचं ते डोळ्यांनीच ठरवावं लागतं. मी फिरत राहिलो, मागून आई शांतपणे विचारतेय, "अरे, बाथरूमला थांबता येईल का कुठे?" आणि बाथरूम गाडीतच आहे, फक्त गाडी थांबवता येत नाहीये.

शेवटी गाडी परत नेऊन लावली आणि मग रोज उबर. त्याने फिरणं झालं, नाही असं नाही, पण दोन्ही वेळचं भाडं जातं, आणि मुख्य म्हणजे आरव्ही घेतली कशासाठी हा प्रश्न डोक्यात राहतो. दुपारी बाबांना आडवं व्हायचं असतं, आईला स्वतःच्या हातचा चहा हवा असतो, आणि घर तिकडे बेटावर. कॅम्पग्राउंडवाले कधीकधी गावात जायची शटल ठेवतात, बुकिंग करताना विचारून घ्या. मिळाली तर माझी निम्मी तक्रार रद्द समजा. आणखी एक, भरतीच्या वेळी गावातल्या खोलगट रस्त्यांवर पाऊस नसतानाही पाणी येतं. भाड्याच्या गाडीखाली खारं पाणी गेलेलं मला तरी परवडणारं नव्हतं, त्यामुळे भरतीचं टाइमटेबल बघूनच निघायचं हे एक काम आणखी वाढलं.

आता सवाना. तिथेही कॅम्पग्राउंड बाहेरच आहेत, हे लपवत नाही. स्किडअवे आयलंड स्टेट पार्क गावापासून वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे सकाळची गुंडाळागुंडाळी तिथेही चुकत नाही. बऱ्याच साइट्स पुल-थ्रू आहेत, म्हणजे एका बाजूने शिरून दुसरीकडून बाहेर, गाडी मागे घ्यावी लागत नाही, हे मात्र रात्री उशिरा पोचणाऱ्याला वरदान, सीवर मात्र सगळ्या साइट्सना नाही. फरक पडतो तो गावात पोचल्यावर. मार्टिन ल्यूथर किंग बुलेवार्डवर जुन्या रेल्वे स्टेशनात व्हिजिटर सेंटर आहे, त्याच्या लॉटमध्ये आम्हाला दिवसभरासाठी आरव्ही लावता आली. रात्री मुक्काम करता येत नाही, आणि नियम बदलत असतात तेव्हा जाण्याआधी फोन करा. पण लावली आणि इंजिन बंद केलं की विषय संपला. जुनं गाव तिथूनच सुरू होतं, डॉट नावाची फुकट शटल आहे, आणि घर आपल्यासोबत आहे. दुपारी परत येऊन आईने खिचडी टाकली, बाबा तासभर झोपले, चारला चहा पिऊन पुन्हा बाहेर. एवढंच. माझ्यासाठी पारडं इथे झुकलं, बाकी सगळी मुद्द्यांची यादी नंतर जोडलेली आहे असं म्हणा हवं तर.

गाव सपाट आहे आणि ते वसवणाऱ्या ऑगलथॉर्पने १७३३ साली आखतानाच दर थोड्या घरांमागे एक चौक सोडलाय. एकूण चोवीस झाले होते, आज बावीस आहेत. गुडघ्याच्या माणसाला याचा अर्थ असा की पाच मिनिटं चाला, सावलीत बाकावर बसा, परत पाच मिनिटं. १९५४ मध्ये एलिस स्क्वेअरमधलं जुनं मार्केट पाडून तिथे पार्किंग गॅरेज बांधलं, त्यावर गावातल्या बायका एवढ्या पेटल्या की पुढच्याच वर्षी जुनी घरं वाचवायची संस्था उभी राहिली. ते गॅरेजही पुढे पाडलं आणि २०१० मध्ये चौक परत मोकळा झाला. झाडांवरून लोंबणाऱ्या त्या राखाडी जटा, स्पॅनिश मॉस म्हणतात, ते शेवाळ नाहीच, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, हे बाबांनी पाटीवर वाचून दिवसभर सगळ्यांना ऐकवलं. फक्त आरव्ही घेऊन त्या चौकांच्या आत शिरू नका, ओकच्या फांद्या खाली वाकलेल्या असतात आणि छतावरचा एसी त्यांना आधी भेटतो.

सवानात काय आवडणार नाही तेही सांगतो. वारा फिरला की कागदाच्या कारखान्याचा वास यायचा, उकडलेल्या कोबीसारखा, पण तो कारखाना २०२५ मध्ये बंद झाला. रिव्हर स्ट्रीटला उतरायच्या दगडी पायऱ्या उभ्या आणि ओबडधोबड आहेत, बाबांना आम्ही लांबून उताराने नेलं. जुन्या गावात प्लास्टिकच्या ग्लासातून दारू घेऊन रस्त्याने फिरायला परवानगी आहे, त्यामुळे शनिवारी रात्री नदीकाठी जरा जास्तच उत्साह असतो. खाण्यात चार्ल्सटन पुढे, असं मासे खाणारे सांगतात. आम्ही शाकाहारी, आम्हाला दोन्हीकडे ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्याच, वरून चीज, आणि आईने त्यावर स्वतःच्या डब्यातला लसणीचा तिखट भुरभुरला तेव्हा कुठे त्याला चव आली.

नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटहून निघालात तर चार्ल्सटन जवळ पडतं, सवानाला पाऊण-एक तास जास्त धरा. तरी आरव्ही असेल तर मी तो तास देईन. चार्ल्सटनला परत जायचंच आहे, पण हॉटेल गावात घेऊन आणि साधी सेडान घेऊन, म्हणजे म्युझियमला अख्खा दिवस देता येईल. समुद्रही हवा असेल तर सवानाजवळच्या टायबी बेटावर रिव्हर्स एंड कॅम्पग्राउंड आहे, तिथून बीच चालत, फक्त बेटावर जायचा हायवे ८० मोठ्या भरतीला पाण्याखाली जातो. वसंतात सॅन्ड नॅट नावाची बारीक चिलटं चावतात, दिसतही नाहीत, फुल बाह्यांचे शर्ट घ्या. आणि १७ मार्चच्या आसपास जाऊ नका, सेंट पॅट्रिक्स डेला त्या गावात माणसालाच पाय ठेवायला जागा नसते, आरव्ही कुठे लावणार.